भार वाटला जातो, घटत नाही

अमेरिकेत गाडीमागे ट्रॅव्हल ट्रेलर (चाकांवरचे फिरते घर) ओढणाऱ्या अनेकांना वाटते, की वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (भार वाटून देणारी जोडणी) लावली की गाडीची ओढण्याची क्षमता वाढते. तसे नाही. ट्रेलरच्या वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार जोडावर येतो. स्कूटरच्या मागे सिलिंडर बांधल्यावर हँडल हलके लागते, तशीच गाडीची पुढची चाके हलकी होतात. हिचचे स्प्रिंग बार (ताण देणाऱ्या पोलादी दांड्या) तरफेचे काम करून काही भार पुढच्या आणि ट्रेलरच्या चाकांकडे ढकलतात.

बार ताणताना गाडी नुसती सपाट दिसून भागत नाही. पुढच्या मडगार्डची उंची ट्रेलर जोडण्यापूर्वी, जोडल्यावर आणि बार ताणल्यावर मोजावी. वाढलेली उंची किती उतरवायची, ते गाडीच्या पुस्तिकेत असते, बऱ्याचदा निम्मीच. ताण अती झाला, तर मागच्या चाकांची पकड सुटू शकते.