बबल (पोकर स्पर्धा)

पोकरच्या स्पर्धेत बक्षिसपात्र स्थानांच्या अगदी उंबरठ्यावरील टप्प्यास 'बबल', म्हणजे बुडबुडा, असे म्हणतात. बक्षिसे १०० असतील, तर १०१ खेळाडू उरले असताना हा बुडबुडा फुटण्याच्या बेतात असतो. यानंतर बाद होणारा पहिला खेळाडू रिकाम्या हाताने परततो व उरलेल्या सर्वांना किमान बक्षिसाची हमी मिळते. अशा वेळी स्वतःजवळच्या सर्व चिप्स एकाच डावावर लावाव्यात (यास 'ऑल-इन' म्हणतात) की पाने टाकून द्यावीत, हा स्पर्धात्मक पोकरमधील फार चर्चिला गेलेला प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

रोख पैशाच्या पोकरमध्ये १०० रुपयांची चिप केव्हाही १०० रुपयांचीच असते. खेळाडू वाटेल तेव्हा उठून ती वटवू शकतो. स्पर्धेतील चिप वटवता येत नाही. तिचे मोल ती खेळाडूस कोणत्या स्थानापर्यंत नेते यावर ठरते. लास व्हेगास येथील 'वर्ल्ड सीरिज ऑफ पोकर' ही स्पर्धा १९७० साली सुरू झाली. १९७१ पासून तिच्या मुख्य स्पर्धेत एका खेळाडूकडे सर्व चिप्स येईपर्यंत खेळण्याची पद्धत रूढ झाली आणि सारी रक्कम विजेत्यास मिळू लागली. अशा रचनेत बबल संभवतच नाही, कारण दुसरा आणि शेवटचा यांत काहीच अंतर नसते. १९७८ पासून ही रक्कम पहिल्या काही खेळाडूंत विभागली जाऊ लागली, आणि टिकून राहण्यालाही किंमत आली. पुढे बक्षिसांची संख्या पुष्कळ वाढली. २०२३ च्या मुख्य स्पर्धेत १०,०४३ प्रवेशिका होत्या व १,५०७ खेळाडूंना बक्षिसे मिळाली. प्रवेशशुल्क १०,००० डॉलर, किमान बक्षीस १५,००० डॉलर आणि पहिले बक्षीस १ कोटी २१ लाख डॉलर होते.

चिप्सचे मोल

हातातील चिप्सवरून अपेक्षित बक्षीस काढण्याची प्रचलित रीत अमेरिकी लेखक मेसन मालमुथ यांनी १९८७ साली पोकरसाठी मांडली. तिचे गणित डेव्हिड हारव्हिल यांच्या घोड्यांच्या शर्यतीविषयीच्या १९७३ मधील लेखातील गणिताशी जुळते. पहिला येण्याची शक्यता चिप्सच्या प्रमाणात धरायची. पहिला ठरला की त्याला वगळून उरलेल्यांत दुसरा त्याच प्रमाणाने काढायचा, आणि असेच पुढे जायचे.

समजा, चार खेळाडू उरले आहेत, प्रत्येकाजवळ २,५०० चिप्स आहेत आणि बक्षिसे तीनच आहेत: ५,०००, ३,००० आणि २,००० रुपये. चौघे समान असल्याने प्रत्येकाचा अपेक्षित वाटा २,५०० रुपये होतो. आता दोघांनी एकमेकांविरुद्ध सर्व चिप्स लावल्या. हरणारा शून्यावर जातो. जिंकणाऱ्याच्या चिप्स दुप्पट होतात, पण वाटा दुप्पट होत नाही. वरील रीतीने तो सुमारे ३,८३३ रुपये भरतो. म्हणजे १,३३३ रुपये मिळवण्यासाठी २,५०० रुपये पणाला लागले. उरलेले दोघे नुसते बघत बसले होते, तरी त्यांचा वाटा प्रत्येकी सुमारे ५८३ रुपयांनी वाढला. दोघांच्या झुंजीत तिसऱ्याचे फावते ते असे.

यावरून, केवळ चिप्सच्या हिशेबाने ५० टक्के संधी पुरेशी असली, तरी येथे आव्हान स्वीकारण्यास सुमारे ६५ टक्के संधी हवी (ब्लाइंड, म्हणजे पाने पाहण्यापूर्वी भरावयाच्या सक्तीच्या रकमा, येथे धरलेल्या नाहीत). टेक्सास होल्डेममध्ये छक्क्यांची जोडी कोणत्याही दोन पानांविरुद्ध सुमारे ६३ टक्के वेळा जिंकते, सत्त्यांची जोडी सुमारे ६६ टक्के. समोरच्याने पाने न पाहताच सर्व चिप्स लावल्या आहेत हे ठाऊक असले, तरीही छक्क्यांची जोडी टाकून देणेच योग्य ठरते. नवख्या खेळाडूस हे सहसा पटत नाही.

पुढाकार आणि स्वीकार

सर्व चिप्स आपण होऊन लावणे आणि दुसऱ्याने लावल्यावर स्वीकारणे या दोन निर्णयांत मोठा फरक आहे. पुढाकार घेणारा दोन मार्गांनी जिंकू शकतो: समोरचे पाने टाकतात, किंवा त्याची पाने सरस निघतात. स्वीकारणाऱ्यास दुसराच मार्ग उपलब्ध असतो. म्हणून स्वीकारण्यास अधिक बलवान पाने लागतात. डेव्हिड स्क्लॅन्स्की यांनी या अंतराचे विवेचन केले आहे. बबलवर ते सर्वांत रुंद होते.

याचा लाभ प्रामुख्याने सर्वाधिक चिप्स असलेल्या खेळाडूस होतो. तो एका डावात बाद होत नाही, इतर मात्र त्याच्याकडून बाद होऊ शकतात; त्यामुळे तो सामान्य पानांवरही दबाव आणू शकतो. सर्वांत कोंडी होते ती मध्यम चिप्स असलेल्याची. आपल्याहून दुबळे खेळाडू आधी बाद होण्याची शक्यता असताना बलाढ्य खेळाडूशी भिडणे त्यास फार महाग पडते.

अगदी कमी चिप्स उरलेल्याचा प्रश्न निराळा आहे. त्याच्यासाठी 'एम' हे माप वापरतात. पॉल मॅग्रिएल यांच्या नावावरून ते ओळखले जाते आणि डॅन हॅरिंग्टन यांच्या पुस्तकांमुळे ते सर्वश्रुत झाले. हातातील चिप्सना एका डावातील सक्तीच्या रकमांच्या बेरजेने भागायचे. ६,००० चिप्स आणि १,००० ची बेरीज असेल, तर एम ६ येतो. म्हणजे काहीही न खेळता पटाभोवतीच्या सहा फेऱ्या निघतील. एम ५ च्या खाली गेला की ऑल-इन जाणे अथवा पाने टाकणे, एवढेच पर्याय व्यवहारात उरतात. आणखी वाट पाहिल्यास उरलेल्या चिप्सना कोणी घाबरत नाही, आणि समोरचे पाने टाकण्याची शक्यता, जी पुढाकाराचा अर्धा प्राण आहे, तीच नाहीशी होते. मात्र पुढच्याच फेरीत दुसऱ्या कोणाच्या चिप्स ब्लाइंडमध्ये संपणार असतील, तर थांबणे श्रेयस्कर. शेजारच्या पटावरील खेळाडूंच्या चिप्स मोजणे हा म्हणूनच या टप्प्यावरील खेळाचा भाग मानला जातो. कोणी मुद्दाम वेळकाढूपणा करू नये यासाठी आयोजक सर्व पटांवर एकाच वेळी एकेक डाव खेळवतात.

टोकाचे उदाहरण पात्रता स्पर्धांचे आहे. त्यांत सर्व बक्षिसे समान, म्हणजे मोठ्या स्पर्धेची प्रवेशिका, असतात. दहा प्रवेशिकांसाठी अकरा खेळाडू उरले असताना भरपूर चिप्स असलेल्याने तुल्यबळ खेळाडूविरुद्ध एक्क्यांची जोडीसुद्धा टाकावी. ती पाचांतून चार वेळा जिंकेल हे खरे, परंतु जिंकून त्यास जवळपास काहीच अधिक मिळत नाही.

मर्यादा

मालमुथ यांच्या रीतीत खेळाडूंचे कौशल्य, बसण्याची जागा आणि लवकरच येणारे ब्लाइंड यांचा विचार नाही. शिवाय बक्षिसांची उतरंड जितकी तीव्र, तितके किमान बक्षिसाला चिकटून राहणे कमी फायद्याचे. २०२३ च्या वरील आकड्यांत किमान बक्षीस पहिल्याच्या आठशेव्या हिश्श्याइतकेही नाही. तेथे केवळ टिकण्यासाठी चिप्स झिजवत बसणारा खेळाडू बहुधा चुकीचा हिशेब करतो. चार खेळाडूंच्या उदाहरणातील ६५ टक्क्यांचा आकडा अशा स्पर्धेला जसाच्या तसा लावता येत नाही.

भारतात

गोव्यातील कॅसिनोंत पोकरच्या स्पर्धा भरतात. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने बंदी घातली आहे.