फी, देणगी आणि बाकीचा खर्च

मृगाचा पाऊस तोंडावर आला की आमच्या कडोलीत दोन खर्च एकदम दारात उभे राहतात. एक बटाट्याच्या बियाण्याचा, दुसरा पोरांच्या शाळेचा. बियाण्याचा हिशेब बाप पोराला बसवून समजावतो. पिशव्या किती, भाव काय, मजुरी किती. शाळेचा हिशेब मात्र कोणी कोणाला सांगत नाही. "कॉन्व्हेंट म्हटलं की डोनेशन आलंच" एवढ्यावर विषय संपतो.

धाकट्या भावाच्या प्रवेशासाठी मी बाबांबरोबर बेळगावातील एका शाळेत गेलो होतो. खिडकीतून इंग्रजीत छापलेला कागद मिळाला. त्यावर सात ओळी होत्या. बाबांनी शेवटचा आकडा तेवढा पाहिला आणि सही केली. कॉलेजात शिकणारा मी शेजारी गप्प उभा होतो. त्या सात ओळींचा अर्थ लावण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. मिशनची शाळा परदेशच्या पैशावर चालते, मग तिला फी कशाला, असे पुष्कळांना वाटते. पूर्वी हे काही अंशी खरे होते. बेळगाव कॅम्पातील १८५६ सालचे सेंट पॉल्स हायस्कूल ज्या जेझुइट संघाकडे आहे, त्या संघाने १५४८ मध्ये सिसिली बेटावरील मेसिना शहरी शाळा काढली. तेथे विद्यार्थ्याकडून एक पैही घेत नसत. शहराने आणि धनिकांनी दिलेल्या कायम निधीवर खर्च भागे. १७७३ मध्ये पोपनी हा संघच बरखास्त केला आणि ते निधी गेले. १८१४ मध्ये संघ पुन्हा उभा राहिला, पण तिजोरी रिकामी होती. शेवटी १८३३ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी फी घेण्यास परवानगी दिली. म्हणजे फी आली ती आटलेल्या देणगीची जागा भरून काढण्यासाठी. आज परदेशी देणगीवर २०१० च्या कायद्याचे बंधन आहे. ती ज्या कामासाठी आली त्याच कामी खर्चावी लागते.

आता कागदाकडे वळू. शिक्षण शुल्क म्हणजे ट्यूशन फी हा शाळेचा रोजचा श्वास होय. त्यातला मोठा भाग शिक्षकांच्या पगारात जातो. शाळा अनुदानित असेल तर हे पगार सरकार देते आणि फी हलकी राहते. विनाअनुदानित असेल तर सारा भार पालकांवर पडतो. एकाच आवारातील दोन वर्गांच्या फीत जमीन-अस्मानाचे अंतर का, याचे उत्तर बहुधा येथे सापडते. प्रवेश फी एकदाच द्यायची असते. सत्र फी, परीक्षा फी, वाचनालय, खेळ या ओळी लहान असल्या तरी दरवर्षी येतात. अनामत असेल तर ती शाळा सोडताना परत मिळायची असते, म्हणून तिची पावती जपावी.

राहिली इमारत निधीची, म्हणजेच देणगीची ओळ. आपल्या या मासिकात मराठी व कन्नड शेजारी नांदतात, म्हणून सांगतो: मराठीत देणगी, कन्नडमध्ये देणिगे. शब्द सख्खे आहेत आणि दोहोंच्या पोटात 'देणे' आहे, 'घेणे' नाही. स्वखुशीने दिली तर देणगी; तिच्याशिवाय प्रवेश मिळत नसेल तर तिला देणगी कसे म्हणावे?

कायदाही हाच भेद करतो. आपल्याच राज्यातील मणिपालच्या टी. एम. ए. पै फाउंडेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी ३१ ऑक्टोबर २००२ रोजी निकाल दिला. खासगी संस्थेने वाजवी फी घ्यावी, वाढीसाठी थोडी शिल्लकही ठेवावी. पण नफेखोरी करू नये आणि कॅपिटेशन फी घेऊ नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तर जाहीर केलेल्या फीखेरीज घेतलेली कोणतीही देणगी ही कॅपिटेशन फीच मानली आहे. मात्र ६ मे २०१४ च्या निकालाने हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही असे ठरले. म्हणून २५ टक्के जागांचा नियम कॅथलिक शाळांना लागला नाही. २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींनी या निकालाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठापुढे ठेवावा असे सुचवले. २००२ चे तत्त्व मात्र अल्पसंख्याक संस्थांनाही लागू आहे.

कागदाबाहेरचा खर्च वेगळाच. समजा, वर्षाची फी १५,००० रुपये, पुस्तके-वह्या ४,०००, गणवेश व बूट ३,००० आणि कडोलीहून गाडीभाडे १०,०००. बेरीज ३२,००० होते. फी तिच्या निम्मीही नाही. प्रवेशावेळी २०,००० देणगी दिली असेल, तर दहा वर्षांत ती वर्षाला २,००० पडते. गाडीभाडे मात्र तेवढ्याच काळात एक लाखावर जाते. तरी भांडण होते देणगीवरून. कारण गाडीभाडे महिन्या-महिन्याने झिरपते, देणगी मात्र बियाणे घ्यायच्या दिवसांत एकरकमी मागतात. प्रश्न रकमेचा आहे, तितकाच वेळेचाही आहे.

तेव्हा सही करण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. यातले दरवर्षीचे किती व एकदाचे किती? परत मिळणारे काय? सक्तीचे कोणते आणि ऐच्छिक कोणते? हप्ते किंवा सवलत मिळेल का? आणि प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. जुन्या पद्धतीने आयकर भरणाऱ्यांना ट्यूशन फीवर सवलत मिळते, विकास निधी वा देणगी त्यात धरत नाहीत. म्हणून पावतीवर बाबी सुट्या लिहिलेल्या असाव्यात.

त्या रात्री घरी कंदिलासारख्या मिणमिणत्या बल्बखाली मी तो कागद बाबांना ओळीने वाचून दाखवला. सहाव्या ओळीपुढे बारीक अक्षरांत 'ऐच्छिक' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द होता. बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे तू तिथंच का नाही वाचलंस?"

विद्यार्थी मित्रहो, सीमाभागातील आपल्या घरी मराठी बोलली जाते, कचेरीत कन्नड चालते आणि शाळेचा कागद इंग्रजीत येतो. या तिन्ही भाषा येणारा घरातला पहिला माणूस बहुधा आपणच असतो. वडिलांना खिडकीपाशी एकटे उभे करू नये, एवढे तरी आपल्या शिक्षणाने साधावे.