लसीच्या कुपीवरचा छोटा चौकोन

दुधाच्या कॅनवर छापलेली तारीख आपण न चुकता बघतो. पण त्या तारखेत एक गृहीतक असतं: दूध सतत फ्रिजमध्ये होतं. तोच कॅन दुपारभर गाडीच्या डिकीत राहिला तर तारीख तीच राहते, दूध मात्र बदलतं. दुधाचं एक बरं असतं, ते वासावरून कळतं, चहात फाटतं. लसीचं तसं नाही. उष्णतेने निकामी झालेली लस दिसायला चांगल्या लसीसारखीच असते. ती दिली तर बाळाला संरक्षण मिळत नाही, आणि आई मात्र निश्चिंत होऊन घरी जाते.

आता पोलिओ रविवार आठवा. बूथवर टेबल, बर्फाच्या पिशव्या घातलेली पेटी, करंगळीवर शाईची खूण. कारखान्यातून त्या टेबलापर्यंत लस विमान, ट्रक, जीप, सायकल असा प्रवास करून यायची. वाटेत कुठे वीज गेली, कुठे पेटी उन्हात राहिली, हे टेबलापाशी बसलेल्या नर्सला कळणार कसं? पूर्वी दोनच मार्ग होते. शंका आली की अख्खा साठा फेकायचा, नाहीतर देवावर हवाला ठेवून द्यायची. एकात मुलं लसीविना परततात, दुसऱ्यात बिनकामाची लस घेऊन.

याचं उत्तर 1996 पासून पोलिओच्या कुप्यांवर दिसू लागलं: व्हॅक्सिन व्हायल मॉनिटर. जांभळट वर्तुळात फिका चौकोन, बस्स. खाद्यपदार्थांसाठी विकसित झालेलं हे तंत्र सिएटलच्या 'पाथ' या संस्थेने लसींकडे वळवलं.

चौकोनात डायअ‍ॅसिटिलीन जातीचं रसायन असतं. त्याचे सुटे रेणू रंगहीन असतात. उष्णता मिळाली की ते एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या तयार होतात, आणि या साखळ्या प्रकाश शोषतात, म्हणून चौकोन गडद होत जातो. तापमान जास्त तितका वेग जास्त. शिवाय ही क्रिया उलटत नाही. कुपी पुन्हा फ्रिजमध्ये ठेवली तर वेग मंदावतो, पण आधी झालेली नोंद पुसली जात नाही. चौकोन म्हणजे सोसलेल्या उष्णतेची एकूण बेरीज.

बाहेरचं वर्तुळ कशासाठी? आपला डोळा 'हा रंग किती गडद' हे सांगण्यात कच्चा, पण शेजारच्या दोन छटांतला फरक ओळखण्यात पक्का असतो. म्हणून नियम सोपा आहे. चौकोन वर्तुळापेक्षा फिका आणि मुदत संपलेली नाही, तर लस वापरा. दोन्ही सारखे झाले किंवा चौकोन जास्त गडद झाला, तर टाकून द्या. थर्मामीटर नको, बॅटरी नको, वाचता येण्याचीही गरज नाही.

सगळ्या लसी सारख्या नाजूक नसतात, म्हणून या खुणेचे प्रकारही वेगळे आहेत. तोंडावाटे देण्याच्या पोलिओ लसीवरचा चौकोन 37 अंश सेल्सिअसला 2 दिवसांत वर्तुळाची छटा गाठतो, तर 5 अंशांना त्याला 225 दिवस लागतात. टिकाऊ लसींवरच्या प्रकाराला 37 अंशांना 30 दिवस लागतात. पाण्यात कालवायच्या भुकटी लसींवर ही खूण झाकणावर असते. कालवलेली लस काही तासांतच संपवायची असते, तेव्हा जुन्या नोंदीवर कोणी विसंबू नये म्हणून ती झाकणाबरोबरच निघून जाते.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या मेनअ‍ॅफ्रिव्हॅक या मेनिंजायटिसवरच्या लसीला 2012 मध्ये 40 अंशांपर्यंत 4 दिवस शीतपेटीबाहेर ठेवण्याची परवानगी मिळाली. ज्या गावांत बर्फ पोचवणं हेच मोठं काम, तिथे याचा अर्थ किती मोठा, ते वेगळं सांगायला नको. तिथेही प्रत्येक कुपीची उष्णता मोजायला हा चौकोन होताच.

एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. चौकोनाला गारठा कळत नाही. धनुर्वात किंवा हिपॅटायटिस बी च्या लसी गोठल्या तर निकामी होतात, आणि तेव्हा चौकोन छान फिकाच दिसतो. त्यासाठी वेगळ्या खुणा आणि वेगळी तपासणी लागते.

पुढच्या भारतवारीत मुलाला लस द्यायची वेळ आली आणि कुपीवर हा चौकोन दिसला, तर नर्सताईंना तो दाखवायला सांगा. तुम्हालाही तो क्षणात वाचता येईल.