घरचा संगणक (भाग ५) : माहिती बाहेर जाण्याच्या वाटा

विंडोज ११ चा नवा संगणक पहिल्यांदा सुरू केला की भाषा, कीबोर्ड आणि वाय-फाय विचारून झाल्यावर गोपनीयतेचे पाच-सहा प्रश्न समोर येतात. संगणक कुठे आहे हे ॲपना कळू द्यायचे का, तो हरवल्यास शोधता यावा का, त्याच्या कामकाजाची माहिती मायक्रोसॉफ्टला किती पाठवायची, टायपिंगचे नमुने द्यायचे का, त्या माहितीवरून सूचना दाखवायच्या का आणि जाहिरातींसाठी संगणकाला एक ओळख क्रमांक द्यायचा का, असे हे प्रश्न असतात. बहुतेक बटणे आधीच ‘होय’कडे सरकवलेली असतात. खालचे ‘ॲक्सेप्ट’ दाबले की सगळ्यांना एकदम संमती मिळते. संगणक बारामतीच्या किंवा इंदापूरच्या दुकानातून तयार करून आणला असेल, तर ही संमती दुकानातल्या मुलाने दिलेली असण्याचा संभव मोठा. ही सगळी उत्तरे नंतर बदलता येतात.

माहिती बाहेर जाण्यात मुळातच काही वाईट आहे असे नाही. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साहाय्याने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रकल्प उभा केला. शेतातले सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रह यांच्याकडून येणारी माहिती क्लाउडवर एकत्र होते आणि पाणी-खताचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो. माहितीच्या बदल्यात काय मिळाले ते तिथे फडात उभे राहून पाहता येते. घरच्या संगणकावर मात्र काय जाते, कुठे जाते आणि त्याचा आपल्याला उपयोग काय, हे शोधून काढावे लागते.

आणि बारामती-इंदापूर भागातल्या घरच्या संगणकावर असते तरी काय? महाडीबीटीवर अर्ज करताना चढवलेले आधार आणि पासबुक, सातबारा आणि आठ-अ, विकास सोसायटीच्या कर्जाचे कागद, माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याच्या ऊसबिलाचे फोटो, मुलांच्या शिष्यवृत्तीचे उत्पन्नाचे दाखले. यातला सातबारा गोपनीय नाही. महाभूमीच्या संकेतस्थळावर तो कोणालाही पाहता येतो. आधार, पासबुक आणि कर्जाचे कागद यांचे तसे नाही. म्हणून सेटिंग्ज बदलताना आधी हे कागद बाहेर जाण्याची वाट तपासावी आणि जाहिरातींचे नंतर पाहावे, हा क्रम योग्य.

ही वाट बहुतेक वेळा वनड्राइव्हची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीची असते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने संगणक सुरू केला की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तीन फोल्डर वनड्राइव्हवर आपोआप जात असू शकतात. डेस्कटॉपवर ठेवलेला पासबुकचा फोटो मग फक्त घरात राहत नाही. त्याची प्रत कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि त्या खात्याचा पासवर्ड ज्याच्याकडे असेल त्याला ती कुठूनही उघडता येते. संगणक बिघडला तर हीच प्रत कामाला येते, हा तिचा मोठा फायदा. पण खाते दुकानदाराच्या किंवा ओळखीच्या कोणाच्या ईमेलवर काढलेले असेल, तर घरचे कागद त्याच्या ताब्यात जातात. हे तपासायला सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’ उघडून वर कोणता ईमेल दिसतो तो पाहावा. परका असेल तर बाकीचे सगळे सोडून आधी तो बदलावा. खाते बदलण्याआधी आणखी एक गोष्ट पाहायची आहे. विंडोज ११ च्या अनेक संगणकांत डिस्क कुलूपबंद केलेली असते आणि तिची रिकव्हरी की पहिल्या खात्यात जपलेली असते. ती लिहून घेतली नाही तर पुढे एखाद्या दुरुस्तीनंतर संगणक ४८ आकडी की मागेल आणि ती घरात कोणाकडेच नसेल.

वनड्राइव्हची नक्कल बंद करायची तर खाली उजवीकडच्या ढगाच्या चिन्हावर क्लिक करून सेटिंग्जमधून ‘मॅनेज बॅकअप’ उघडावे आणि एकेका फोल्डरचे बटण बंद करावे. इथे अनेकजण घाबरतात, कारण बटण बंद करताच डेस्कटॉप रिकामा दिसू शकतो. फायली गेलेल्या नसतात, त्या वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असतात. त्या तिथून उचलून संगणकाच्या साध्या फोल्डरमध्ये आणाव्या लागतात. वेबसाइटवर जाऊन तिथल्या प्रती आधीच पुसल्या तर जोडणी चालू असेपर्यंत घरच्या प्रतीही पुसल्या जातात. त्यामुळे सगळे कागद आधी पेन ड्राइव्हवर उतरवून मगच या कामाला हात घालावा.

यानंतर मायक्रोसॉफ्टला जाणारी कामकाजाची माहिती. विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि ‘आय’ एकत्र दाबले की सेटिंग्ज उघडते. त्यात ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ आणि त्याखाली ‘डायग्नॉस्टिक्स अँड फीडबॅक’ असते. या माहितीचे दोन प्रकार आहेत. आवश्यक माहितीत संगणकाचा प्रकार, त्याच्या सेटिंग्ज आणि तो नीट चालतो का एवढेच येते. होम आणि प्रो आवृत्त्यांत ती थांबवण्याची सोय नाही. ऐच्छिक माहिती मात्र बरीच खोल जाते. एज ब्राउझरमध्ये कोणत्या साइट पाहिल्या आणि कोणते ॲप कसे वापरले, हे तीत असते. प्रोग्राम अचानक बंद पडला तर त्या क्षणी मेमरीत जे होते त्याचा भागही जातो, आणि त्यात उघड्या फाइलचा तुकडा नकळत असू शकतो, असे मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगते. एवढ्यासाठी तरी ‘सेंड ऑप्शनल डायग्नॉस्टिक डेटा’ हे बटण बंद ठेवावे. घरच्या वापरात त्याने काही अडत नाही. त्याच पानावर आजवर गेलेली माहिती पुसण्याचे बटणही आहे.

जाहिरातींचा ओळख क्रमांक ‘जनरल’मध्ये असतो. नव्या आवृत्तीत त्याच पानाला ‘रेकमेंडेशन्स अँड ऑफर्स’ असे नाव आहे. तो बंद केल्याने जाहिराती कमी होत नाहीत, फक्त आवडीनिवडीवरून निवडल्या जात नाहीत. आता लोकेशनबद्दल थोडक्यात. टेबलावरच्या संगणकात बहुधा जीपीएस नसते, पण आसपासच्या वाय-फायवरून त्याची जागा बरीच नेमकी काढता येते. हवामान आणि नकाशा सोडून बाकी ॲपना ती देण्याची गरज नाही. कॅमेरा आणि माइकच्या पानावर प्रत्येक ॲपने ते शेवटचे केव्हा वापरले हे लिहिलेले असते. ते एकदा वाचावे. मात्र बाहेरून डाऊनलोड करून बसवलेले जुन्या पद्धतीचे प्रोग्राम या बटणांना पूर्णपणे बांधील नसतात.

मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरपेक्षा कागदांना जवळचा धोका घरातच असतो. एकच संगणक, एकच लॉगिन आणि त्यावर आजोबांपासून अकरावीतल्या नातवापर्यंत सगळे. शेजारचा विद्यार्थी परीक्षेचा फॉर्म भरायला येतो तोही त्याच क्रोममध्ये. त्यात वडिलांचे गुगल खाते उघडे असते, बँकेचा पासवर्ड जपलेला असतो आणि सिंक चालू असल्याने मोबाइलवर शोधलेलेही इथे दिसते. ‘अकाउंट्स’मधल्या ‘अदर युजर्स’मधून प्रत्येकासाठी वेगळे खाते काढावे, मुलांची आणि पाहुण्यांची खाती ‘स्टँडर्ड’ ठेवावीत. गुगलच्या खात्यात ‘वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी’ तीन महिन्यांनी आपोआप पुसली जाईल असे ठरवता येते. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये ‘नोटिफिकेशन्स’ही पाहावे. कधीतरी घाईत ‘अलाउ’ म्हटलेल्या साइट तिथे सापडतात. ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ अशी खोटी सूचना बऱ्याचदा त्यांच्याकडूनच येते.

‘डाउनलोड्स’ फोल्डरमधल्या आधारच्या पीडीएफबद्दल एक गैरसमज आहे. तिला पासवर्ड असतो म्हणून ती सुरक्षित मानली जाते. तो पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष. गावात ओळख असलेल्या कोणालाही तो जमेल. जिथे चालते तिथे पहिले आठ आकडे झाकलेले मास्क्ड आधार वापरावे आणि काम झाल्यावर मूळ फाइल रिसायकल बिनमधूनही काढावी.

विंडोज १० च्या संगणकांवर यातली बहुतेक बटणे ‘प्रायव्हसी’ या नावाखाली आहेत. पण १४ ऑक्टोबर २०२५ पासून या आवृत्तीला नेहमीचे सुरक्षा अपडेट मिळणे थांबले. मुदतवाढीची नोंदणी केलेली नसेल, तर अशा संगणकावर नेट बँकिंग न केलेले बरे.

कायद्याची बाजू अलीकडे बदलली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, असे हा कायदा म्हणतो. एका ‘ॲक्सेप्ट’ने दिलेली संमती परत घ्यायला आज अनेक पाने उघडावी लागतात. या कसोटीवर ती रचना उतरत नाही.

शेवटचे काम संगणक विकताना किंवा एक्स्चेंजमध्ये देताना. फायली डिलीट केल्याने त्या डिस्कवरून जात नाहीत. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’, मग ‘रिकव्हरी’, मग ‘रीसेट धिस पीसी’ निवडावे. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ घ्यावे आणि ‘चेंज सेटिंग्ज’मध्ये ‘क्लीन डेटा’ चालू करावे. याला काही तास लागू शकतात, म्हणून दिवसभर वीज राहील अशा दिवशी आणि लॅपटॉप असेल तर चार्जर लावून हे काम करावे. त्यानंतर मायक्रोसॉफ्ट खात्याच्या संकेतस्थळावरील उपकरणांच्या यादीतून तो संगणक काढून टाकावा.