नोंद आणि जाहिरात : कोशपात्रतेचा एक निकष

वजन उतरवून देणाऱ्या कंपनीस ज्ञानकोशात स्वतंत्र नोंद द्यावी काय, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु कोशकाराच्या तटस्थतेची कसोटी अशाच विषयात लागते.

भिलाईचे उदाहरण घेऊ. तेथील पोलाद कारखान्यावर लिहिणाऱ्यास कारखान्याच्या पत्रकांवर विसंबावे लागत नाही. १९५५ चा भारत-सोव्हिएत करार, १९५९ मध्ये सुरू झालेली पहिली झोतभट्टी आणि संसदेपुढे आलेले अहवाल त्याच्या हाताशी असतात. त्याच नगरीत कोणी वजन उतरविण्याचे केंद्र काढले, तर त्याविषयीची माहिती बहुधा केंद्रानेच पुरविलेली असणार : पूर्वीची व नंतरची छायाचित्रे, संतुष्ट ग्राहकांचे अभिप्राय. पोलादाचे टन तिऱ्हाइतास पडताळता येतात. उतरलेले किलो विक्रेताच मोजतो आणि तोच जाहीर करतो. लठ्ठपणावरील औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने बंदी घातली, ही गोष्ट येथे सूचक आहे.

म्हणून अशा कंपन्यांना कोशाचे दार सरसकट बंद करावे, असे मात्र नव्हे. व्यापार हा काही दोष नव्हे, खुद्द डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’साठी नागपुरात मर्यादित कंपनी स्थापून भागभांडवल उभारले होते. प्रश्न व्यवसायाच्या प्रतिष्ठेचा नाही, पुराव्याच्या स्वातंत्र्याचा आहे.

मुंबईच्या ‘तळवलकर्स’ या व्यायामशाळांच्या साखळीला हा निकष लावून पाहावा. १९३२ ही तिची आरंभतिथी कंपनी स्वतः सांगते. ग्राहकांचे वजन किती उतरले, हेही तीच सांगते. ही सारी विधाने बाजूला ठेवली तरी २०१० मधील जाहीर भागविक्री आणि २०१९ मध्ये थकलेली देणी यांच्या नोंदी इतरत्र उरतातच. त्यांच्या आधारे सुसंगत वृत्तान्त लिहिता येतो. सबब ही साखळी नोंदीस पात्र ठरते. तथापि त्या नोंदीत उत्कर्षाइतकेच अपकर्षालाही स्थान द्यावे लागेल.

तेव्हा निकष असा मांडता येईल : कंपनीचे स्वतःविषयीचे शब्द वजा केल्यावर जे उरते, त्यावर नोंद उभी राहते काय? उभी राहत असेल तर ती लिहावी, मग ती कंपनीस रुचो वा न रुचो. काहीच उरत नसेल, तर कोशकाराचे मौन हाच तटस्थपणा होय. कारण कोशात छापलेल्या दाव्यावर वाचक जो विश्वास ठेवतो, त्याची किंमत अखेर त्याच्या देहास मोजावी लागते.