निळा पडदा, रॅमच्या दोन पट्ट्या आणि तीन महिन्यांचे आकडे

मागच्या आठवड्यात एका ज्युनियरचा मेसेज आला. "ताई, घरचा पीसी एक दिवसाआड निळा होतोय, सिम्युलेशन अर्ध्यातच मरतं. फॉरमॅट मारू का?" मी लगेच कळवलं, थांब. कारण दोन वर्षांपूर्वी मी नेमकं तेच केलं होतं, आणि त्याची किंमत पीसीने नाही, माझ्या डेटाने मोजली. तुमच्यापैकी बरेच जण पीएचडीच्या तयारीत आहात, आणि हिशेब घरच्याच मशीनवर चालवणार आहात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

आधी एक गैरसमज काढून टाकू. निळा पडदा म्हणजे बिघाड नाही, बिघाड पकडला गेल्याची खूण आहे. विंडोजच्या गाभ्याला अशी काही विसंगती दिसते की पुढे चालत राहिलं तर फायलींचं नुकसान होईल. म्हणून तो स्वतःहून सगळं थांबवतो, मेमरीतली माहिती डिस्कवर लिहितो आणि मशीन रीस्टार्ट करतो. (विंडोज ११ च्या नव्या अपडेटपासून हा पडदा काळा झालाय. काम तेच.)

माझा पीसी साधारण तीन दिवसांतून एकदा बंद पडायचा. मी एका रविवारी बसून काय काय केलं बघा: ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला, बायोस अपडेट केलं, कॅबिनेटमधली धूळ काढली, आणि शेवटी विंडोज नव्याने टाकलं. चार दिवस सगळं शांत. मी खूश. पाचव्या रात्री पुन्हा निळा.

इथे दोन चुका आहेत. पहिली तुम्हाला दिसलीच असेल: एकदम चार बदल केले. मशीन सुधारलं असतं तरी कशामुळे ते कधीच कळलं नसतं. दुसरी चूक मात्र भल्याभल्यांकडून होते. चार दिवस शांत गेले, याला मी पुरावा मानलं.

गणित करून बघा. बिघाड सरासरी तीन दिवसांनी एकदा, पण यादृच्छिकपणे येत असेल, तर काहीही दुरुस्त न करता चार दिवस शांत जाण्याची शक्यता ई चा घात उणे ४/३, म्हणजे सुमारे २६ टक्के. चारात एक! नऊ दिवस शांत जाण्याची शक्यता मात्र सुमारे ५ टक्के. म्हणून साधा ठोकताळा असा, की नेहमीच्या सरासरी अंतराच्या तिप्पट वेळ शांततेत गेल्याशिवाय "सुटलं" म्हणायचं नाही. आणि त्या काळात मशीनवर कामाचा ताण आधीइतकाच हवा. मी नवीन विंडोज टाकल्यावर चार दिवस नुसती सॉफ्टवेअरं इन्स्टॉल करत होते, सिम्युलेशन चालवलंच नव्हतं. म्हणजे तुलनाच चुकीची होती.

मग मी वही काढली. (लॅबमध्ये काढतो, घरी का नाही?) पहिलं काम म्हणजे आपोआप होणारं रीस्टार्ट बंद करणं, म्हणजे पडद्यावरचा स्टॉप कोड निवांत वाचता येतो. सिस्टिम प्रॉपर्टीजमधल्या 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'मध्ये ती खूण काढायची. दुसरं, विंडोजच्या फोल्डरमध्ये 'मिनीडंप' नावाचं फोल्डर असतं. प्रत्येक क्रॅशची छोटी फाइल तिथे साठते आणि मायक्रोसॉफ्टच्या मोफत 'विनडीबीजी'मध्ये ती उघडता येते. मी दर वेळी तारीख, कोड, त्या वेळी काय चालू होतं आणि कोणत्या फाइलवर संशय दाखवलाय, एवढं लिहीत गेले.

काही नोंदी झाल्यावर चित्र दिसलं. एकदा 'मेमरी मॅनेजमेंट', एकदा 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', दोनदा 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल', आणि संशयित फाइल दर वेळी वेगळी. सुटा ड्रायव्हर खराब असेल तर बहुधा तोच कोड, तीच फाइल पुन्हा पुन्हा येते. १९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली, आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तिथे सगळीकडे दोषी फाइल एकच होती. माझ्याकडे मात्र रोज नवा आरोपी. आरोपी असे बदलत असतील तर संशय त्या सगळ्यांच्या पायाखालच्या जमिनीवर घ्यायचा, म्हणजे मेमरीवर. क्रॅशच्या क्षणी जो ड्रायव्हर चालू होता तो फक्त घटनास्थळी सापडलेला असतो.

रॅम तपासायला 'मेमटेस्ट८६' पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन सुरू करायचं आणि रात्रभर चालू ठेवायचं. एका फेरीवर समाधान मानू नका. त्याआधी बायोसमध्ये एक्सएमपी बंद करा. ती सेटिंग रॅमला मूळ प्रमाणित वेगापेक्षा जास्त वेगाने चालवते, आणि बंद केल्यावर चुका थांबल्या तर पट्टी खराब नसून वेग झेपत नाहीये, इतकंच. माझ्या थांबल्या नाहीत.

आता पट्ट्या दोन, खाचा दोन. एक पट्टी पहिल्या खाचेत, दुसरी पट्टी दुसऱ्या खाचेत, एवढंच तपासलं तर दोष पट्टीचा की खाचेचा हे सांगता येत नाही. दोन्ही कारणं एकमेकांत गुंतलेली राहतात. म्हणून चारही जोड्या तपासायच्या. (दर वेळी वीज पूर्ण बंद करून, आणि पट्टीला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करून.) चार रात्री गेल्या. 'ब' पट्टी दोन्ही खाचांत चुका देत होती, 'अ' कुठेच नाही. बस्स, सापडलं.

गोष्ट इथे संपली असती तर हे लिहिलंच नसतं. खराब बिट गाभ्याच्या एखाद्या पत्त्यात असेल तर निळा पडदा येतो. तोच बिट तुमच्या डेटातल्या एखाद्या संख्येत असेल तर काहीच होत नाही. संख्या बदलते, फाइल सेव्ह होते, आलेख निघतो. सर्व्हरमध्ये चुका दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी असते, घरच्या पीसीत सहसा नसते. आणि हे दुर्मिळ आहे असंही नाही. २००९ मध्ये गूगलच्या सर्व्हरवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दर वर्षी ८ टक्क्यांहून जास्त मेमरी मॉड्यूलमध्ये चुका आढळल्या होत्या. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी दहा लाख पीसींच्या नोंदी तपासल्या. हार्डवेअरमुळे एकदा क्रॅश झालेलं मशीन पुन्हा क्रॅश होण्याची शक्यता शंभरपटीपर्यंत वाढते, असं त्यांना दिसलं. म्हणजे "एकदाच झालं, जाऊ दे" हे चालणार नाही.

मी तीन महिन्यांचे चाळीस रन चांगल्या मशीनवर पुन्हा चालवले. सीड तोच, कोडची आवृत्ती तीच, एकाच थ्रेडवर (अनेक थ्रेड असतील तर बेरजेचा क्रम बदलून शेवटचे अंक तसेही हलतात). अडतीस तंतोतंत जुळले. दोन जुळले नाहीत. त्यातला एक तर मी आधीच "आउटलायर" म्हणून काढून टाकला होता, का आला हे न विचारता. दुसरा सेमिनारमध्ये दाखवलेल्या आलेखात होता. सरांना सांगायला जाताना पोटात गोळा आला होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "नोंदी कुठे आहेत?" वही होती म्हणून निभावलं.

तेव्हापासून प्रत्येक रनच्या फाइलचा हॅश मी पॉवरशेलच्या 'गेट-फाइलहॅश'ने काढून वहीशेजारी ठेवते, आणि दर दहातला एक रन दुसऱ्या मशीनवर पुन्हा चालवते.

ज्युनियरने परवा तिच्या सहा क्रॅशच्या नोंदी पाठवल्या. सहाही वेळा कोड एकच, फाइल एकच, वायफायच्या ड्रायव्हरची. म्हणजे तिची केस वेगळी दिसतेय. तिने फक्त तो ड्रायव्हर जुन्या आवृत्तीवर नेलाय, बाकी कशाला हात लावलेला नाही, आणि सिम्युलेशन पूर्वीसारखंच चालू ठेवलंय. तिचा सहावा दिवस शुक्रवारी संपतो.