गड्याचा हात गेला तर भरपाई कोणी द्यायची?

सोयाबीनची मळणी चालली आहे. आभाळ भरून आलेले, सगळ्यांची घाई. माल आत सारता सारता गड्याची बाही अडकते आणि क्षणात पंजा यंत्रात जातो. असा प्रसंग कोणाच्या खळ्यावर येऊ नये. पण आला, तर दवाखान्यामागोमाग दुसरा प्रश्न मालकाच्या दारात उभा राहतो: भरपाई कोणी द्यायची?

पुष्कळ शेतकऱ्यांना वाटते, हा कायदा कारखानदारांचा. आपल्या पाच एकरांशी त्याचा काय संबंध? ही समजूत महागात पडते. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातच ट्रॅक्टरने किंवा इंजिन-विजेवरच्या यंत्राने शेतीकाम करणारा मजूर धरला होता. त्या कायद्याची जागा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. ती नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली असून मालकाची ही जबाबदारी तिच्यातही आहे. गडी रोजंदारीवरचा होता, दोनच दिवस आला होता, एवढ्याने मालक सुटत नाही. ‘माझी चूक नव्हती’ हे उत्तरही चालत नाही.

रक्कम किती होते ते पाहा. अंगठा गेला तर 30 टक्के, चार बोटे गेली तर 50 टक्के आणि पंजा गेला तर 60 टक्के कमाईची शक्ती गेली, असे कायदा धरतो. गडी तीस वर्षांचा आणि महिन्याची मजुरी 10,000 रुपये धरली, तर पंजाची भरपाई सुमारे साडेसात लाख होते. लहान शेतकऱ्याने एवढी रक्कम आणायची कोठून? जमीनच विकावी लागेल.

‘ट्रॅक्टरचा विमा आहे की!’ असे कोणी म्हणेल. पण ट्रॅक्टरवर जागा एकट्या चालकाची. मडगार्डवर किंवा ट्रॉलीत बसलेल्या मजुराची भरपाई विमा कंपनीने नाकारली आणि बोजा मालकावर आला, असे अनेक खटल्यांत घडले आहे.

म्हणून सुगीपूर्वी एवढे करा:

• मजुरांच्या नुकसानभरपाईचा विमा मिळतो, त्याची चौकशी करा. मजूर किती, मजुरी किती, यंत्र कोणते, हे खरे सांगा.

• प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत मजुराचे नाव त्याच्या बँक खात्यातून घाला. वर्षाला 20 रुपयांत अपघाती मृत्यूला दोन लाख, एक हात गेल्यास एक लाख मिळतात. मात्र याने मालकाची जबाबदारी संपत नाही.

• हजेरी व मजुरी वहीत लिहून ठेवा.

• मजूर दगावल्यास भरपाई परस्पर नातेवाइकांच्या हाती देऊ नका. ती सरकारी अधिकाऱ्याकडेच भरावी लागते.

आणि पट्ट्यावर जाळी बसवा, सैल बाही, लोंबता पदर आवळायला सांगा. विम्याने पैसे मिळतात, हात परत मिळत नाही.